लिहिणाऱ्याच्या हाती छापखाना : संकेतस्थळे घडवणाऱ्या प्रणालींचा इतिहास

पेशवेकालीन हिशेबाच्या कागदांत रकमांची उतरंड संपली की खाली ‘जुमला’ हा शब्द येतो. जुमला म्हणजे एकूण, सगळे मिळून. मोडी वाचणाऱ्याला तो इतका सवयीचा होऊन जातो की त्याचे मूळ अरबी आहे हे ध्यानातही राहत नाही. हाच अरबी शब्द पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिली भाषेत ‘सगळे एकत्र’ या अर्थाने रुजला. २००५ साली संकेतस्थळे तयार करण्याच्या एका प्रणालीला नवे नाव हवे होते, तेव्हा तिच्या कर्त्यांनी स्वाहिलीतला हा शब्द उचलला. ‘जूमला’ नावाने ती प्रणाली आजही चालते.

अशा प्रणालींना इंग्रजीत ‘कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम’ आणि बोलण्यात नुसते ‘सीएमएस’ म्हणतात. आपण तिला आशय-व्यवस्थापन प्रणाली म्हणू. हा विषय अभियंत्यांचा, असे मानून आपल्याकडचा इतिहासाचा अभ्यासक त्याच्या वाटेला जात नाही. पण लिहिलेले कोठे राहते, कोणाच्या ताब्यात राहते, आणि लिहिणारा गेल्यावर त्याचे काय होते, हे प्रश्न पोथ्या, बखरी आणि दप्तरे चाळणाऱ्यांचे जुनेच प्रश्न आहेत. गेल्या तीस वर्षांत मराठीत जे लिहिले गेले त्याचा बराच भाग कागदावर आलेलाच नाही. तो पुढच्या पिढीला मिळेल का, हे ज्या गोष्टींवर अवलंबून आहे त्यांत या प्रणाली अग्रभागी आहेत. म्हणून त्यांचा इतिहास थोडा तपशिलाने पाहू.

शिळाछापाचा काळ

जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ च्या मार्चमध्ये माहितीच्या जाळ्याचा प्रस्ताव मांडला. १९९१ च्या ऑगस्टमध्ये पहिले संकेतस्थळ जगासमोर आले आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र कोणालाही विनामूल्य वापरण्यास खुले केले. या कथेतला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. बर्नर्स-ली यांचा पहिला ब्राउझर पाने वाचण्यासाठी जसा होता, तसाच पाने लिहिण्यासाठीही होता. पुढे जे ब्राउझर लोकप्रिय झाले त्यांनी वाचनाची सोय ठेवली, लेखनाची टाकली. १९९३ च्या मोझेकने पानात चित्रे दाखवली आणि जग हरखून गेले. पण त्याने लिहिण्याची सोय मात्र दिली नाही. जाळे लाखोंचे झाले ते वाचकांचे. लिहिण्यासाठी एचटीएमएल ही खुणांची भाषा शिकावी लागे.

ती भाषा अवघड नव्हती. शीर्षकाच्या आधी एक खूण, नंतर एक खूण. परिच्छेदाला तशीच, ठळक अक्षरांना तशीच. कष्ट वेगळ्याच ठिकाणी होते. संकेतस्थळाचे प्रत्येक पान ही स्वतंत्र फाइल असे आणि तिच्यात मजकूर, रंग, अक्षराचा आकार, वरची पट्टी, खालचा पत्ता हे सगळे एकत्र कालवलेले असे. शंभर पानांच्या संकेतस्थळावर दूरध्वनी क्रमांक बदलला की शंभर फाइली उघडाव्या लागत. मायक्रोसॉफ्टचे फ्रंटपेज किंवा १९९७ मध्ये आलेले ड्रीमवीव्हर यांनी खुणा लिहिण्याचा त्रास कमी केला. पण पानाची जात तीच राहिली.

मराठी मुद्रणाच्या इतिहासात याला चपखल जोड आहे. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यातले काम पाहून, यंत्र आणि शाई यांचे स्वतः प्रयोग करून, १८३१ मध्ये पहिले मराठी पंचांग छापले ते शिळाछापावर. शिळेवर अक्षर आणि त्याची जागा यांची फारकत करता येत नाही. पान म्हणजे एक अखंड चित्र. खिळे आले तेव्हा अक्षर सुटे झाले, हलवता येऊ लागले, पुन्हा वापरता येऊ लागले. जावजी दादाजींच्या निर्णयसागरने पुढे देवनागरी खिळ्यांचा जो दर्जा गाठला, त्याने संस्कृत आणि मराठी ग्रंथांचे रूपच पालटले. हाताने लिहिलेली एचटीएमएलची पाने ही संगणकावरची शिळाछाप होती. तिथे खिळे यायचे होते.

मजकूर वेगळा, साचा वेगळा

ते एकदम आले नाहीत. तीन वेगवेगळ्या ठिकाणी तीन भाग तयार झाले. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रास्मुस लेरडॉर्फ यांनी आपल्या वैयक्तिक पानासाठी लिहिलेली छोटी साधने १९९५ मध्ये जाहीर केली. तीच पीएचपी ही भाषा. मायएसक्यूएल हा डेटाबेसही १९९५ चाच. आणि डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएस या रचनाभाषेची पहिली शिफारस प्रसिद्ध झाली. तिच्यामुळे रंग आणि आकार यांची आज्ञा मजकुराबाहेर, एका वेगळ्या फाइलीत लिहिता येऊ लागली.

हे तीन भाग एकत्र आल्यावर काय घडते? समजा, तुमच्या गावच्या किल्ल्यावरचा लेख कोणी उघडला. त्याची मागणी सर्व्हरपर्यंत जाते. तिथे ‘किल्ल्यावरचा लेख’ नावाचे पान ठेवलेलेच नसते. पीएचपीमधला कार्यक्रम डेटाबेसच्या तक्त्यात जातो, लेखाची ओळ शोधतो, शीर्षक, मजकूर, तारीख, लेखकाचे नाव हे वेगवेगळ्या रकान्यांतून उचलतो, साच्यात बसवतो आणि तयार झालेले पान वाचकाकडे पाठवतो. पुढचा वाचक आला की पुन्हा पहिल्यापासून जुळणी. दूरध्वनी क्रमांक आता एकाच ठिकाणी असतो. साचा बदलला की हजार लेखांचे रूप एका क्षणात बदलते आणि लेखांतला एक कानाही हलत नाही.

अशा प्रणाली आधी मोठ्या वृत्तसंस्थांनी आणि कंपन्यांनी वापरल्या, कारण त्यांची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. ऑगस्ट १९९९ मध्ये पायरा लॅब्ज या छोट्या कंपनीने ‘ब्लॉगर’ सुरू केले आणि चौकटीत लिहून कळ दाबली की लेख प्रसिद्ध होतो, हा अनुभव सर्वांना मिळाला. ऑक्टोबर २००१ मध्ये बेन आणि मेना ट्रॉट या दांपत्याने आपली प्रणाली आणली आणि तिला नाव दिले ‘मूव्हेबल टाइप’, म्हणजे सुटे खिळे. आपण मुद्रणाच्या इतिहासातले नेमके कोणते वळण घेत आहोत, याची त्यांना पूर्ण जाण होती. वर्डप्रेसने २०१८ च्या डिसेंबरमध्ये आणलेल्या नव्या संपादकालाही ‘गुटेनबर्ग’ हेच नाव मिळाले.

वारस कोण?

प्रणाली तयार झाल्या. त्या टिकणार कशा? इथे तंत्रापेक्षा कायद्याच्या एका कागदाला अधिक महत्त्व आले. रिचर्ड स्टॉलमन यांनी सुरू केलेल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतून ‘जीपीएल’ हा परवाना तयार झाला. कार्यक्रम कोणीही वापरावा, उघडून पाहावा, बदलावा, वाटावा. अट एवढीच की बदललेली प्रत वाटताना हेच हक्क पुढच्याला द्यावेत. एका वाक्यात मावेल एवढ्या या अटीने पुढचा सगळा इतिहास घडवला.

कॉर्सिकातले मिशेल वाल्द्रिगी २००१ पासून ‘बी-टू’ नावाची एक लहान प्रणाली लिहीत होते. २००२ च्या अखेरीस ते दिसेनासे झाले. सुधारणा थांबल्या, प्रश्नांना उत्तरे मिळेनात. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात राहणारा मॅट मुलेनवेग हा १९ वर्षांचा विद्यार्थी तीच प्रणाली वापरत होता. जानेवारी २००३ मध्ये त्याने लिहिले की मूळ लेखक गायब आहे. पण प्रणाली जीपीएलखाली असल्याने तिची शाखा काढून पुढे नेता येईल. इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टच्या माइक लिटल यांनी आपण सोबत यायला तयार असल्याचे कळवले. दोघांनी मिळून २७ मे २००३ रोजी जी आवृत्ती काढली ती ‘वर्डप्रेस’. पुढे वाल्द्रिगी परत आले आणि त्यांनीही वर्डप्रेस हीच बी-टूची वारस असल्याचे मान्य केले.

आपल्या परंपरेतल्या नकलकारांची इथे आठवण येते. पोथी जुनी झाली, मालकाचे घराणे संपले, तरी कोणी तरी तिची नक्कल करून ठेवली म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली. नक्कल करण्याचा हक्क आणि नक्कल करणारा माणूस, दोन्ही लागतात. बी-टूच्या बाबतीत परवान्याने हक्क दिला आणि योगायोगाने माणसेही मिळाली.

हक्क नसेल तर काय होते, हे पुढच्याच वर्षी दिसले. मे २००४ मध्ये मूव्हेबल टाइपची तिसरी आवृत्ती आली ती नव्या शर्ती घेऊन. विनामूल्य वापरावर लेखकांच्या आणि स्थळांच्या संख्येची मर्यादा पडली. नाराज झालेले बरेच जण बाहेर पडले. त्याच महिन्यात आलेल्या वर्डप्रेसच्या १.२ या आवृत्तीत बाहेरची जोडसाधने, म्हणजे प्लगइन, बसवण्याची सोय झाली होती. फेब्रुवारी २००५ च्या १.५ मध्ये सुटे साचे आले. आज जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळांच्या मागे वर्डप्रेस असल्याचे मानले जाते.

इतर दोघींची कुळकथाही अशीच आहे. बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठात शिकणाऱ्या ड्रीस बॉयटार्ट याने वसतिगृहातल्या मित्रांसाठी एक निरोपफळा तयार केला. डच भाषेत ‘डॉर्प’ म्हणजे खेडे. हे नाव नोंदताना अक्षरे उलटसुलट होऊन ‘ड्रॉप’ झाले आणि तेच ठेवले गेले. त्यातून, थेंब या अर्थाच्या डच शब्दावरून, जानेवारी २००१ मध्ये ‘ड्रुपल’ जाहीर झाले. जूमलाचा जन्म मात्र भांडणातून झाला. ‘मांबो’ ही ऑस्ट्रेलियातल्या एका कंपनीची प्रणाली. २००५ मध्ये तिच्या कारभाराचे हक्क कोणाकडे असावेत यावरून वाद झाला आणि ती प्रत्यक्ष लिहिणारी मंडळी एकत्र बाहेर पडली. नावाचा हक्क कंपनीकडे राहिला, मजकूर परवान्यामुळे सर्वांचा होता. मंडळींनी मजकूर घेतला आणि सप्टेंबर २००५ मध्ये त्याला नवे नाव दिले. सगळे मिळून बाहेर पडले, म्हणून जुमला.

देवनागरीचा अडसर

मराठी माणूस जाळ्यावर लवकर आला. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी ‘मायबोली’ सुरू केली ती १९९६ च्या गणेशचतुर्थीला. अडचण होती लिपीची. १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली होती. पण ती घरोघरच्या संगणकांत पोचायला जवळजवळ दशक गेले. विंडोज २००० सोबत ‘मंगल’ हा टंक आला तेव्हा कोठे दार उघडले. तोपर्यंत प्रत्येक वृत्तपत्राचा, प्रत्येक टंक-कंपनीचा स्वतःचा फॉन्ट होता. तो संगणकात बसवला तर पडद्यावर मराठी दिसे. नाही तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक कचरा. वाचकाला ‘म’ दिसत असला तरी संगणकाच्या लेखी तिथे ‘म’ नव्हताच.

महानुभावांची सकळ लिपी आठवा. पोथ्या मठांत सुरक्षित होत्या, अक्षरे ठसठशीत होती. पण लिपीची किल्ली पंथाबाहेर नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी ती उलगडली तेव्हा केवढे वाङ्मय उजेडात आले. विसाव्या शतकाच्या अखेरीस आपण नकळत पुन्हा तशाच डझनावारी लिप्या तयार केल्या. त्या काळच्या फाइली कोणाच्या जुन्या संगणकात असतीलही. त्यांचा फॉन्ट हरवला असेल तर त्या सकळ लिपीतल्या पोथ्याच आहेत.

युनिकोड आल्यावरही प्रणालींच्या पोटात अडचणी होत्याच. मायएसक्यूएलला युनिकोड नीट सांभाळता येऊ लागले ते ४.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २००४ च्या अखेरीपासून. त्यानंतरही तिची मूळ ठेवण पश्चिम युरोपी अक्षरांची आणि स्वीडिश वर्णक्रमाची होती. २०१८ च्या आठव्या आवृत्तीत ती बदलली. सर्व्हर बदलताना ही ठेवण जुळली नाही की लेखाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. रूपांतर करताना अक्षरांच्या जागी एकदा प्रश्नचिन्हे साठवली गेली की मूळ अक्षर परत आणता येत नाही.

दुसरा नमुना लेखाच्या पत्त्याचा. वर्डप्रेस शीर्षकावरून लेखाचा पत्ता तयार करते आणि त्याला २०० चिन्हांची मर्यादा आहे. रोमन अक्षर एका चिन्हात मावते. देवनागरीचा प्रत्येक वर्ण, मात्रा आणि हलंताची खूण पत्त्यात लिहिताना ९ चिन्हे घेते. ‘महाराष्ट्र’ या शब्दात असे दहा घटक. म्हणजे एका शब्दाला ९० चिन्हे. दोन महाराष्ट्र कसेबसे मावतात, तिसरा तुटतो. प्रणाली लिहिणाऱ्यांचा यात काही वाईट हेतू नव्हता. त्यांच्यासमोर आपली लिपी नव्हती, एवढेच. तिथे आपली माणसे गेली तेव्हा सुधारणाही झाल्या. वर्डप्रेस आज मराठीत उपलब्ध आहे ते स्वयंसेवकांनी एकेक वाक्य भाषांतरित केल्यामुळे. मायबोली पुढे ड्रुपलवर आली, मिसळपावही ड्रुपलवर उभे राहिले, आणि मराठी गद्याचा मोठा साठा या खेड्यातल्या थेंबात जमा झाला.

पान कोठे असते?

आता या सगळ्याची दुसरी बाजू. शिळाछापाचे पान अखंड होते, बदलायला कठीण होते. पण ते पान होते. फाइल उचलून दुसरीकडे ठेवली तरी ती वाचता येई. नव्या प्रणालीत पान मागितल्यावर तयार होते आणि वाचून झाल्यावर नसते. असतो तो डेटाबेसमधला मजकूर, कोणाच्या तरी भाड्याच्या सर्व्हरवर. जागेचे भाडे थकले, पत्त्याच्या नावाचे वार्षिक शुल्क भरायचे राहिले, की हजार लेख एकाच दिवशी नाहीसे होतात. पोथीला वाळवी लागते ती पानापानाने. इथे तसा अवधी मिळत नाही.

फुकटच्या जागेचाही भरवसा नाही. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीजवर लाखो लोकांनी आपली पाने मांडली होती. १९९९ मध्ये याहूने ती विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. काही स्वयंसेवकांनी शेवटच्या महिन्यांत धावपळ करून बराच भाग उतरवून घेतला. इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून पानांची चित्रे जपते आहे, तिचे ऋण मोठे आहे. पण ती बाहेरून दिसलेले पान जपते. आतला तक्ता तिच्या हाती लागत नाही.

माझ्या परिचयाच्या एका तालुक्यातल्या जुन्या ग्रंथालयाने शतकोत्तर वर्षात संकेतस्थळ केले. स्मरणिकेतले लेख, जुन्या अध्यक्षांची चरित्रे, गावातल्या शिलालेखांची छायाचित्रे असे सगळे त्यावर चढवले. करून देणारा तरुण हौशी होता, पैसेही त्याने घेतले नाहीत. पुढे तो नोकरीसाठी परदेशी गेला. पत्त्याचे नाव त्याच्या नावावर होते आणि शुल्काची आठवण त्याच्या जुन्या नोकरीच्या ईमेलवर येत राहिली. एके दिवशी संकेतस्थळ उघडेना. स्मरणिका आजही काचेच्या कपाटात आहे. शिलालेखांची छायाचित्रे मात्र फक्त संकेतस्थळावर होती, आणि त्यांतला एक शिलालेख रस्तारुंदीत गेला आहे.

या प्रसंगात दोषी शोधून उपयोग नाही. प्रणाली मुक्त होती, परवाना उदार होता, नक्कल करण्याचा हक्क सर्वांना होता. नक्कल करायची असते हे कोणाला ठाऊक नव्हते. बी-टूला मुलेनवेग आणि लिटल भेटले. ग्रंथालयाला कोणी भेटले नाही.

म्हणून संकेतस्थळ करायला शिकणे म्हणजे नेमके काय शिकणे, याचे उत्तर या इतिहासात आहे. शिकवणीत सुरुवात साच्यापासून होते : कोणता रंग, कोणते चित्र, कोणती सरकती पट्टी. साचा हा सर्वांत सहज बदलणारा भाग. आधी शिकायचे ते तक्त्याविषयी. माझा मजकूर कोणत्या डेटाबेसमध्ये आहे, चित्रांची पेटी कोठे आहे, दोन्हीची प्रत बाहेर कशी काढायची. वर्डप्रेसमध्ये ‘निर्यात’ करण्याची सोय आहे. तिच्यातून निघणारी फाइल साध्या मजकुराची असते आणि उद्या वर्डप्रेस राहिले नाही तरी ती उघडून वाचता येईल. पण तिच्यात चित्रे येत नाहीत, फक्त त्यांचे पत्ते येतात. चित्रांची पेटी वेगळी उतरवावी लागते. ही गोष्ट शिकायला एक दुपार पुरते. त्यासाठी अभियंता असावे लागत नाही; गणपत कृष्णाजीही मुद्रणशास्त्राच्या शाळेत गेले नव्हते.

गावोगावची ग्रंथालये, इतिहास मंडळे, घराण्यांची कागदपत्रे जपणारी कुटुंबे आता संकेतस्थळांकडे वळत आहेत, हे चांगलेच आहे. त्यांनी कार्यकारिणीच्या इतिवृत्तात तीन नोंदी शाईने करून ठेवाव्यात : पत्त्याचे नाव कोणाच्या नावावर आहे आणि त्याची मुदत कधी संपते, सर्व्हरच्या किल्ल्या कोणत्या दोन माणसांकडे आहेत, आणि मजकुराची व चित्रांची शेवटची प्रत कोणत्या तारखेला काढून कोणत्या कपाटात ठेवली. दर वार्षिक सभेत हिशेबाबरोबर या तीन नोंदीही वाचल्या जाव्यात, आणि खाली, पूर्वीच्या कारकुनांप्रमाणे, एकूण किती लेख आणि किती चित्रे आपल्या हाती आहेत तो जुमला मांडावा.